शेऱ्याच्या रकान्यातली माती

बीदरचं नाव निघालं की मराठी माणसाला दामाजीपंत आठवतात. मंगळवेढ्याच्या त्या अधिकाऱ्यानं दुष्काळात बादशाही कोठारं लोकांसाठी खुली केली, बीदरच्या दरबारातून त्याला बोलावणं आलं, आणि विठू महाराच्या रूपानं गेलेल्या विठ्ठलानं धान्याची किंमत खजिन्यात भरून पावती आणली, अशी ती कथा. भक्तीच्या अंगानं ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कोठाराच्या हिशेबाच्या अंगानं पाहिली तर तिच्यात आणखी एक गंमत आहे. कोठारातून माल गेला आणि त्याची नोंद नाही, एवढाच गुन्हा होता. विठ्ठलाच्या मनात असतं तर कोठार रातोरात पुन्हा भरलं असतं. पण दरबाराला धान्य नको होतं, हिशेब हवा होता; म्हणून देवालाही पावतीच करून घ्यावी लागली.

कोठीतला माल आणि कागदावरचा माल यांचा मेळ आज सॉफ्टवेअर घालतं. कारखान्यात त्याची सुरुवात ज्या कागदापासून होते त्याला सगळे बीओएम म्हणतात, म्हणजे बिल ऑफ मटेरियल्स. पाण्याचा पंप असो, गोळ्यांची पट्टी असो की विमान असो, एक नग तयार करायला काय आणि किती लागतं त्याची ही उतरंड. वर तयार वस्तू, तिच्याखाली जोडण्या, जोडण्यांखाली सुटे भाग, आणि अगदी तळाशी कच्चा माल. चाकणपासून हुमनाबादपर्यंत कुठल्याही कारखान्यात स्टोअरमधून माल निघतो तो याच यादीवर, पर्चेसवाला ऑर्डर टाकतो ती याच यादीवरून, वस्तूची किंमत निघते तीही हिच्याच बेरजेतून. यादीत एक वॉशर कमी पडला तर शॉर्टेज येतं, लाइन थांबते आणि ज्याच्या हातात फोन असेल त्याच्यावर सगळे ओरडतात.

एवढ्या महत्त्वाच्या कागदाकडे आपल्याकडे कारकुनी काम म्हणून पाहिलं जातं. नवा मुलगा कामाला लागला की त्याला आधी संगणकासमोर बसवतात आणि ‘आयटम मास्टर भर’ म्हणतात. कारखान्याला स्वतःच्या वस्तूबद्दल जे जे ठाऊक आहे ते या यादीत असायला हवं, आणि ते सर्वांत कमी ठाऊक असलेल्या माणसाकडून आपण ती भरून घेतो. सॉफ्टवेअर या सवयीला साथ देतं. त्यातले सक्तीचे रकाने हिशेबनिसाच्या गरजेचे आहेत: क्रमांक, नाव, एकक, संख्या, दर. वस्तू घडवणाऱ्याला जे कळतं ते, जागा मिळालीच तर, सर्वांत शेवटी ‘रिमार्क्स’मध्ये जातं. शेऱ्याच्या त्या रकान्यावर कुठलंही गणित चालत नाही, त्यावाचून कुठलंही काम अडत नाही, आणि म्हणून तो कुणी वाचतही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की वस्तूचा जीव बहुतेक वेळा त्या रकान्यात असतो, आणि तो तिथून काढून सक्तीच्या रकान्यांत आणणं हे सॉफ्टवेअर विकत घेण्यापेक्षा मोठं आणि अवघड काम आहे.

उदाहरणाला बीदर सोडून बाहेर जायला नको. बिदरी म्हणजे काळ्या केलेल्या धातूत चांदीची नक्षी जडवण्याची इथली कला. तिची एक सुराही घ्या. जस्त आणि तांबं लागतं. प्रमाण साधारणपणे सोळाला एक असं सांगतात. साच्यासाठी माती, राळ आणि एरंडेल. ओतलेला नग कानशीनं घासून गुळगुळीत केला की त्याला मोरचुदाचं पाणी लावून तात्पुरता काळा करतात, म्हणजे नक्षीच्या रेघा त्यावर दिसतात. त्या रेघांवरून छन्नी चालते, आणि कोरलेल्या चरांत चांदी ठोकून बसवतात. तार बसवली तर तारकशी, पत्रा बसवला तर तहनिशान. पुन्हा घासणं. मग शेवटी नग जरा तापवून नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातली माती यांचं मिश्रण त्यावर चोळतात. करडा धातू कायमचा काळाभोर होतो, चांदी मात्र पांढरी ती पांढरीच राहते. तेलाचा हात फिरवला की काम संपलं. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानांची राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आली, तेव्हापासूनची ही विद्या मानली जाते. 2006 साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2023 साली बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री.

आता ही यादी संगणकात भरायला बसा. जस्त किलोत, तांबं किलोत, चांदी ग्रॅममध्ये, नवसागर ग्रॅममध्ये. माती? एकक मूठ. दर शून्य. पुरवठादार बहुधा बहमनी सुलतान. ही थट्टा झाली, पण सॉफ्टवेअर भरणारा माणूस पुढे काय करेल ते मी सांगू शकतो, कारण हे काम मी जवळून पाहिलं आहे. ज्याला दर नाही ते तो यादीत ठेवणारच नाही. ‘कन्झ्युमेबल’ म्हणून बाजूला टाकेल, किंवा चांदीच्या ओळीसमोर शेरा मारेल, ‘माती नेहमीची’. यादीतून जी ओळ गळली ती नसेल तर सुराही काळी होणार नाही, म्हणजे ती बिदरीच राहणार नाही. आणि ‘नेहमीची’ या शब्दात काय दडलंय पाहा. ही माती किल्ल्यातल्या जिथं ऊन-पाऊस वर्षानुवर्षं पोचलेला नाही अशा जागांची हवी. ती क्षारयुक्त असते, तिच्यात सोऱ्याचा अंश असतो असं मानतात. कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतो. ती जिथं आहे तो किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातली संरक्षित वास्तू आहे. एकच उगम, पर्याय नाही, साठा मर्यादित, आणि दर्जाची परीक्षा एका माणसाच्या जिभेवर. कुठल्याही मोठ्या कंपनीच्या पर्चेस विभागाला एवढं ऐकून घाम फुटेल. आमच्या यादीत त्याचं वजन शून्य रुपये.

तक्रार करण्याआधी मात्र सॉफ्टवेअरचं ऋण मानायला हवं, कारण हे ऋण मोठं आहे. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-पाच अग्निबाणात सुमारे तीस लाख सुटे भाग होते. एवढ्यांची यादी कार्डांवर सांभाळणं अशक्य झालं म्हणून 1966 पासून आयबीएमनं रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांच्या माणसांना बरोबर घेऊन एक माहितीसंच बांधायला घेतला. 14 ऑगस्ट 1968 रोजी कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथं तो पहिल्यांदा चालू झाला. आयएमएस नावाची ती प्रणाली आजही कित्येक बँकांचे व्यवहार सांभाळते. बँकेतली आपली शिल्लक जिथं राहते त्या यंत्रणेचा जन्म सुट्या भागांच्या यादीतून झाला, हे बँकेतल्या फार थोड्या लोकांना माहीत असेल. त्याच काळात जोसेफ ऑर्लिकी यांनी एक साधी गोष्ट उद्योगांना पटवून दिली: गिऱ्हाईक किती सुराह्या घेईल याचा अंदाज करावा लागतो, पण सुराह्या ठरल्या की जस्त किती लागेल याचा अंदाज कशाला, तो तर गुणाकार आहे. ब्लॅक अँड डेकरनं 1964 मध्ये हा गुणाकार यंत्रावर चालवला. ऑर्लिकींचं पुस्तक 1975 साली आलं. 1970 मध्ये एडगर कॉड यांनी माहिती उतरंडीत न मांडता तक्त्यांत मांडावी असा जो निबंध लिहिला, त्यातली उदाहरणंही सुट्या भागांची आणि प्रकल्पांचीच आहेत. उतरंडीत ‘सुराहीत काय काय आहे’ हे चटकन सापडतं. ‘हे जस्त कुठकुठल्या वस्तूंत जातं’ हे शोधायला दमछाक होते. कॉडच्या तक्त्यांनी दोन्ही प्रश्न सारखे सोपे केले.

एकच यादी सगळ्यांनी पाहावी, हा आग्रहही रास्त आहे. एअरबसच्या ए-380 विमानात सुमारे 530 किलोमीटर वायरिंग असतं. हॅम्बर्गच्या अभियंत्यांचं आरेखन एका सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत, तुलूजचं नव्या आवृत्तीत. जर्मनीहून आलेल्या वायरी फ्रान्समध्ये जोडायला घेतल्या तेव्हा त्या पुरेनात. जून 2006 मध्ये कंपनीनं उशीर जाहीर केला आणि तिच्या मालक कंपनीचा शेअर एका दिवसात सव्वीस टक्के कोसळला. तेव्हा ‘आमच्याकडे सगळं डोक्यात असतं, कागदाची काय गरज’ असं म्हणणाऱ्या कारखानदाराची बाजू घ्यायला मी इथं आलेलो नाही. डोक्यातली यादी दोन डोक्यांत दोन असते.

पण हॅम्बर्ग आणि तुलूजचा घोटाळा हा दोन याद्या न जुळण्याचा होता. यादी एकच आहे, सगळे तीच पाहतात, आणि तरीही घात होतो, तो प्रकार वेगळा. त्यासाठी मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलकडे पाहावं लागतं. 1986 च्या सुरुवातीला तिथं चौदा रुग्ण दगावले. त्यांना ग्लिसरीन दिलं होतं. डॉक्टरांनी लिहिलं ग्लिसरीन, मागणीपत्रावर ग्लिसरीन, पुरवठ्याच्या बिलावर ग्लिसरीन, बाटलीवर ग्लिसरीन. बाटलीत मात्र डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. ते दिसायला तसंच, चवीलाही गोडसर, भावानं स्वस्त, आणि मूत्रपिंड निकामी करणारं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीतलं एकेक दार कसं उघडं होतं ते दाखवलं. आज कुणी त्या प्रकरणातले कागद सॉफ्टवेअरमध्ये भरले तर ते एकही चूक दाखवणार नाही. नाव जुळतं, संख्या जुळते, दरही जुळतो. यादीत एकच गोष्ट नव्हती: पिंपात आहे ते ग्लिसरीनच आहे हे कुणी, कधी आणि कशावरून ठरवलं.

बीदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कच्च्या मालाचे कारखाने आहेत. औषध कारखान्यांना कायद्यानंच मास्टर फॉर्म्युला रेकॉर्ड आणि प्रत्येक बॅचची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. घटक, प्रमाण, पायऱ्या, तपासण्या, सह्या, सगळं. म्हणजे घटकाच्या शेजारी त्याची परीक्षा लिहावी लागते, हे कायद्याला कळलेलं आहे. ही अक्कल माणसं मेल्यानंतर आली, एकदा नाही तर जगात अनेकदा. आता गंमत पाहा. कोळारच्या कारखान्यात जी गोष्ट सक्तीची आहे ती थोड्या अंतरावरच्या बिदरीच्या कारखान्यात कारागीर विनासक्ती करतो. माती आली की आधी जिभेवर. त्याची जीभ हीच त्याची प्रयोगशाळा. दोघांत फरक इतकाच की एकाची परीक्षा कागदावर आहे आणि दुसऱ्याची त्याच्याबरोबर जाईल.

इथं मला नेहमी एक उत्तर ऐकायला मिळतं. ‘हाताचं कसब असंच असतं हो, ते यादीत कसं बसणार?’ आईच्या वहीतल्या पाककृतीत जसं ‘मीठ चवीपुरतं’ लिहिलेलं असतं, तसं हे, माती जिभेपुरती. या उत्तरात कौतुक आहे आणि आळसही आहे. कसब यादीत बसत नाही हे खरं, पण कसबाची परीक्षा बसते. कुठल्या जागेची माती, कुठल्या महिन्यात काढलेली, जिभेला तुरट लागली की खारट, त्याच ओतीव धातूच्या तुकड्यावर लावून पाहिली तेव्हा काळेपणा किती वेळात धरला, कापडानं पुसल्यावर टिकला का. यातलं काहीही गूढ नाही. कारागीर हे सगळं रोज पाहतो. त्याला कुणी विचारलेलं नाही, एवढंच. आणि विचारलं तरी उत्तर ठेवायला सॉफ्टवेअरमध्ये जागा शेऱ्याची.

सॉफ्टवेअर विकणारे या ठिकाणी हरकत घेतील, आणि त्यांची हरकत अर्धी बरोबर आहे. टॅलीत बीओएमची सोय आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट मुक्त-स्रोत आहे आणि त्यात यादीला तपासणी जोडता येते. मोठ्या कंपन्यांच्या महागड्या प्रणालींत तर याहून कितीतरी अधिक. सोय आहे, मान्य. पण ती खूण करून चालू करावी लागते, आणि ती खूण कुणी करत नाही, कारण प्रणाली बसवण्याच्या बैठकीत वस्तू घडवणारा माणूस नसतो. तिथं मालक असतो, अकाउंट्सवाला असतो, जीएसटी पाहणारा सल्लागार असतो. त्यांना जे रकाने लागतात ते सक्तीचे होतात. सॉफ्टवेअरमध्ये काय सक्तीचं आणि काय ऐच्छिक हे तांत्रिक गोष्ट म्हणून ठरत नाही. खोलीत कोण बसलं होतं त्यावर ठरतं.

क्रमाचंही तसंच. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं, एवढी यादी घेऊन कुणी भट्टीपाशी गेला आणि दोन्ही एकत्र तापवून तांबं वितळायची वाट पाहू लागला तर काय होईल? तांबं 1085 अंश सेल्सियसला वितळतं, जस्त 907 अंशांनाच उकळून वाफ होऊन जातं. म्हणून आधी वितळलेल्या जस्तात तांबं विरघळवून घ्यावं लागतं. यादी प्रमाण सांगते, क्रम सांगत नाही. सॉफ्टवेअरमध्ये क्रमासाठी ‘राउटिंग’ नावाचा वेगळा तक्ता असतो आणि छोट्या कारखान्यांत तो निम्म्या वेळा कोराच राहतो.

शिवाय यादीतलं प्रमाण आणि वस्तूतलं प्रमाण एकच असतं असंही नाही. ब्रिटिश म्युझियमच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात जुन्या बिदरी वस्तू तपासल्या. जस्तात थोडं तांबं हे समान सूत्र दिसलं, पण प्रमाण वस्तूगणिक वेगळं, आणि बऱ्याच वस्तूंत शिसंही. सोळाला एक हा आकडा आपण सांगतो तो हेतूचा. वस्तूत असतं ते त्या दिवशी हाताशी जे होतं त्याचं. विमानाच्या धंद्यात या दोन याद्या वेगळ्या ठेवतात, आरेखनातली एक आणि प्रत्यक्ष बसवलेल्या भागांची एक, कारण अपघात झाला तर दुसरी शोधावी लागते. बीदरच्या हवाई तळावर जी विमानं उडतात त्या प्रत्येकाची अशी दुसरी यादी कुठंतरी असणारच. आपल्याकडच्या शंभर लहान कारखान्यांत विचारा, तिथं पहिलीच तेवढी सापडेल. एखादा बेअरिंगचा ब्रँड मिळाला नाही म्हणून दुसरा लावला, हे फोरमनला माहीत असतं, संगणकाला नसतं. वर्षभरानं तक्रार आली की संगणक छातीठोकपणे पहिल्या ब्रँडचं नाव सांगतो.

या सगळ्यात पैसा कुठं आहे, असं कुणी विचारेल. पैसा उलट्या यादीत आहे. बीदर जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, भालकीजवळ महात्मा गांधी सहकारी, हळ्ळीखेडला बीदर सहकारी. पंपाच्या कारखान्यात दहा गोष्टी मिळून एक होते. साखर कारखान्यात एक ऊस गेला की साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड अशा चार गोष्टी निघतात. शंभर किलो उसातून साखर दहाच्या आसपास, बगॅस तीसच्या आसपास, मळी चारेक, प्रेसमड तीन-चार, बाकी पाणी. कलबुर्गीच्या डाळ मिलचंही असंच: तुरीतून डाळ, कणी, चुणी, टरफल. यादी उलटी झाली की तिच्यातला प्रत्येक टक्का कुणाच्या तरी खिशात जातो. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला, बांधलेला आहे. 2024-25 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये ठरला. आता कारखान्यानं बी-हेवी मळी, म्हणजे जिच्यात अजून साखर शिल्लक आहे अशी मळी, इथेनॉलकडे वळवली की साखरेचा उतारा कागदावर घसरतो. ही घसरण इथेनॉलची किती आणि उसाची किती, यावर शेतकऱ्याचे रुपये ठरतात. महाराष्ट्रात मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ती घट प्रमाणित करते, कारण कारखान्याच्या एकट्याच्या यादीवर विश्वास ठेवायला कुणी तयार नाही, आणि नसावाही. ज्या सभासदाला वाटतं की बीओएम हा इंजिनिअरांचा विषय आहे त्यानं वार्षिक सभेत उताऱ्यावरून झालेली एखादी वादावादी आठवावी. ती बीओएमवरचीच चर्चा असते, फक्त जरा मोठ्या आवाजात.

बिदरीवाल्यालाही हाच हिशेब लागू आहे. चांदी 2025 मध्ये किलोला लाखाच्या पुढे गेली. सुराहीत लागलेल्या चांदीपैकी किती चरांत बसली, किती कानशीच्या भुकटीत गेली आणि त्यातली किती परत मिळाली, हे जो लिहीत नाही तो घटीचे पैसे स्वतःच्या मजुरीतून भरतो. व्यापारी सुराहीचं वजन करून भाव पाडतो, कारण त्याच्याकडे एक यादी असते आणि कारागिराकडे नसते. ज्याच्याकडे यादी नाही त्याला दुसऱ्याच्या यादीप्रमाणे पैसे मिळतात. कसबाचं कौतुक करणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

यावर कारागिराच्या बाजूनं सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो गुपिताचा. लिहिलं की ते दुसऱ्याच्या हाती गेलं. उद्या कुठल्या तरी शहरातला कारखाना यंत्रावर नक्षी कोरून, काळा रंग लावून बिदरी म्हणून विकेल. ही भीती खोटी नाही. पण गुपितानं आजवर कुणाला वाचवलं? रासायनिक काळेपणा देऊन नक्कल करणाऱ्याला मातीचं गुपित लागतच नाही. उलट, खरं काय आणि नकली काय हे सांगायचं तर खऱ्याची यादी आधी कुठंतरी लिहिलेली हवी. भौगोलिक मानांकन म्हणजे तरी काय, कुठल्या भागात, कशापासून, कसं बनतं याचा सरकारदरबारी ठेवलेला कागद. मानांकन मिळालेलं आहे. प्रत्येक सुराहीमागं ते पाळलं गेलं हे दाखवणारी नगवार नोंद अजून उभी करायची आहे. आणि ती नोंद सगळ्या जगासमोर उघडी टाकायची गरज नाही. कोण काय पाहील हे ठरवणं सॉफ्टवेअरला उत्तम जमतं. ग्राहकाला जागा आणि परीक्षेचा निकाल दिसावा, प्रमाण कारागिराकडेच राहावं. माझी चिंता दुसरी आहे. ही यादी कारागिराच्या नावावर राहते की ज्यानं संगणकात भरली त्या संस्थेच्या, यावर सगळं अवलंबून आहे.

इथं सॉफ्टवेअरवाल्यांच्याच घरातला एक दाखला कामी येतो. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफॉरजे नावाच्या एका छोट्या घटकात मोठी त्रुटी सापडली आणि जगभरच्या कंपन्यांना कळेना की तो घटक आपल्या कुठकुठल्या प्रणालींत आहे. दुसऱ्यांना बीओएम विकणाऱ्यांकडे स्वतःचं बीओएम नव्हतं! त्याआधी त्याच वर्षी अमेरिकन सरकारनं सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी कशी असावी त्याचे किमान रकाने ठरवले, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये सर्ट-इन या आपल्या सायबरसुरक्षा संस्थेनंही मार्गदर्शक तत्त्वं काढली. अमेरिकेच्या त्या किमान रकान्यांत दर नाही, किंमत नाही. घटक कुणाकडून आला ते आहे, आवृत्ती आहे, कोण कशावर अवलंबून आहे ते आहे, आणि यादी कुणी तयार केली त्याचं नाव आहे. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या यादीची वेळ आली तेव्हा उगम आणि कर्ता हे दोन रकाने सक्तीचे वाटले. कारखान्यांना विकलेल्या प्रणालींत ते ऐच्छिक राहिले.

तर मग करायचं काय? भालकीचं भीमण्णा खंड्रे इन्स्टिट्यूट, बीदरचं गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय, कलबुर्गीचं पीडीए, इथली मुलं दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प करतात, आणि त्यात हजेरीचं अ‍ॅप आणि पार्किंगचं अ‍ॅप यांचा सुकाळ असतो. त्यातल्या चार जणांनी एखाद्या बिदरी कारागिराच्या परवानगीनं त्याच्या कारखान्यात एक सत्र काढावं आणि मुक्त-स्रोत प्रणालीत त्याची यादी बांधावी. प्रत्येक घटकापुढं उगम, परीक्षा आणि घट हे तीन रकाने सक्तीचे ठेवावेत. ते भरल्याशिवाय नग पूर्ण झाला असं प्रणालीनं म्हणू नये. मातीचा दर शून्यच राहू दे, पण तिची ओळ यादीत पहिली असावी, आणि यादीचा कर्ता म्हणून नाव कारागिराचं असावं. भाषा मराठी, कन्नड, उर्दू, त्याला जी वाचता येते ती.

आणि हुमनाबाद-कोळारच्या किंवा चाकण-शिरोळीच्या कारखानदारांना एवढंच सांगणं आहे, की नवी प्रणाली घेण्याआधी जुनीतला रिमार्क्सचा रकाना एकदा कागदावर छापून घ्या, फोरमनला शेजारी बसवा आणि वाचा. ‘नेहमीचं’, ‘विचारून घ्या’, ‘अमुक आल्यावर’ असं जिथं जिथं लिहिलेलं सापडेल, तिथं तिथं एक सक्तीचा रकाना कमी आहे.